नदीतले मासे धरायचे आणि राखायचेही: क्रम चुकू नये म्हणून

जूनचा पहिला दणदणीत पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. बदलापूर, टिटवाळा, आसनगाव, वाडा. ओल्या गोणपाटावर ओतलेले चढणीचे मासे, पोटं गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, टम्म. पाठवणाऱ्याचा आनंद मला कळतो. वर्षातून चार दिवस वलगण लागते, म्हणजे नदीतले मासे अंडी टाकायला ओहोळात चढतात, आणि त्या चार दिवसांची वाट घरातलं लहान पोरही बघत असतं. पण त्याच माणसाचा ऑक्टोबरात फोन येतो की नदीत आता काही उरलं नाही, बंदी घालायला हवी.

ज्यांनी बंदी घातली त्यांचेही फोन येतात. ठराव केला पण कुणी पाळत नाही. बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडलं पण एक मासा दिसत नाही. डोह राखला आणि एका रात्रीत कुणीतरी करंट लावून रिकामा केला. मुंबईत राहून गेली काही वर्षं मी उल्हास, काळू, भातसा, तानसा आणि वैतरणा या नद्यांच्या काठच्या गावांबरोबर हे काम करतो आहे. बहुतेक ठिकाणी माणसांची इच्छा चांगली असते, मेहनतही असते. क्रम मात्र चुकलेला असतो. शेवटी करायचं ते आधी केलेलं असतं आणि आधी करायचं ते राहूनच गेलेलं असतं.

म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहिला आहे. गावकरी, मच्छीमार संस्था, बचतगट, गळाने मासेमारी करणारे शहरी हौशी आणि नदीसाठी काही करू पाहणारी मुंबईतली मंडळी, सगळ्यांसाठी. पूर्ण फेरीला किमान तीन वर्षं लागतात. तेवढा वेळ नसेल तर फक्त टप्पा ३ आणि टप्पा ४ नीट करा, अर्धं काम होईल.

टप्पा १: पाणी कुणाचं आणि मासे कोण धरतं

पहिला महिना फक्त दोन याद्यांसाठी ठेवा.

पहिली यादी पाण्याची. तुमच्या गावाच्या हद्दीतली नदी एकाच खात्याच्या ताब्यात असते असं नाही. धरणाचा जलाशय असेल तर तिथे मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. काठ वनजमिनीत असेल तर वनविभागाचा संबंध येतो. तानसा अभयारण्यासारख्या ठिकाणी किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून येणाऱ्या दहिसर नदीच्या वरच्या भागात नियम आणखी कडक आहेत, तिथे गावाने परस्पर काही ठरवायला जाऊ नये. शहापूर आणि वाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात; १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनात पंचायत आणि ग्रामसभेला अधिकार दिला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातल्या सामूहिक हक्कांत मासे आणि पाण्यातली इतर उत्पादनं येतात. गावाला तो दावा मिळाला असेल तर त्याची प्रत हातात घ्या. पुढे तिचा उपयोग पडतो.

दुसरी यादी माणसांची, आणि इथेच पहिली मोठी चूक होते. यादीत पागवाले (फेकजाळं टाकणारे) येतात, जाळीवाले येतात, ज्यांच्याकडे होडी आहे ते येतात. दगडाखाली हात घालून मासे, खेकडे, झिंगे धरणाऱ्या बायका राहतात. उन्हाळ्यात दोन महिने नदीवर उतरणारी कातकरी कुटुंबं राहतात. शाळेतून येता येता गळ टाकणारी मुलं राहतात.

शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही हीच चूक केली. बैठकीला तीस पुरुष होते, सगळ्यांनी हात वर करून डोह बंद केला. मे महिन्यात त्याच डोहावर दुपारी बाया उतरल्या. हटकलं तर त्यातली एक आजी शांतपणे म्हणाली, "आमाला कोनी इचारलं?" खरोखरच कुणी विचारलं नव्हतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं आणि एक वर्ष गेलं.

तपासा: यादीतल्या नावांपैकी निम्म्याच्या आसपास बायकांची आहेत का? नसतील तर यादी अपुरी आहे.

टप्पा २: मोजणी, कुठलाही नियम करण्याआधी

किती होते आणि किती उरले हे माहीत नसताना केलेला नियम अंदाजावर चालतो. पहिला वाद झाला की तो मोडतो, कारण दोन्ही बाजूंच्या हातात काहीच नसतं.

साहित्य साधं आहे. एक हातभर लांबीची गुळगुळीत फळी, तिच्या एका टोकाला ठोकलेली आडवी पट्टी, फळीवर चिकटवलेली शिवणाची टेप, एक वजनकाटा, एक वही. माशाचं तोंड आडव्या पट्टीला टेकवा, शेपटी मिटवून सरळ करा आणि शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंतची लांबी घ्या. एकाने शेपटीच्या खाचेपर्यंत आणि दुसऱ्याने टोकापर्यंत मोजलं तर दोन्ही वह्या फुकट जातात, म्हणून पद्धत एकच ठरवा आणि फळीवरच लिहून ठेवा.

नोंद करायच्या गोष्टी: तारीख, डोहाचं नाव, साधन, किती माणसं, किती वेळ, कोणता मासा, किती नग, प्रत्येकाची लांबी. वेळ लिहायला लोक विसरतात आणि तीच सगळ्यात मोलाची नोंद आहे. तीन पागांनी दोन तासांत १८ मासे मिळाले, तर एका पागाला ताशी ३ पडले. पुढच्या वर्षी त्याच डोहात, त्याच महिन्यात हा आकडा २ वर आला की नदी काय सांगते आहे ते कळतं. नुसतं "आज टोपलीभर मिळाले" यातून काहीच कळत नाही, कारण मासे कमी झाले की माणूस जास्त वेळ बसतो आणि टोपली भरतेच.

माशांची नावं स्थानिकच ठेवा, पण प्रत्येक नावासोबत फोटो चिकटवा. दोन कोसांवर नाव बदलतं. एका गावातला शब्द दुसऱ्या गावात वेगळ्याच माशाला वापरतात आणि वही एकत्र केली की घोटाळा होतो.

आता गाबोळीची नोंद. नियम करताना "किती मोठा मासा धरायचा" हा प्रश्न येतो तेव्हा लोक बोटं दाखवून ठरवतात. त्यापेक्षा नदीलाच विचारा. मेच्या शेवटापासून पहिल्या पावसापर्यंत, घरी खायला आणलेला मासा साफ करताना बायकांना गाबोळी आहे की नाही ते दिसतंच. फक्त लांबी आणि "गाबोळी होती, नव्हती" एवढं टिपायचं. एका जातीच्या निदान चाळीस-पन्नास माद्या झाल्या की दोन-दोन सेंटिमीटरचे गट पाडा. समजा असं निघालं: १२ ते १४ सेंमीच्या ११ माद्यांत गाबोळी असलेली १, १४ ते १६ च्या १४ मध्ये ४, १६ ते १८ च्या १२ मध्ये ७, १८ ते २० च्या ९ मध्ये ८. ज्या गटात पहिल्यांदा निम्म्याहून जास्त माद्या तयार झालेल्या दिसतात तो गट १६ ते १८. म्हणजे या नदीत हा मासा १८ सेंमी होईपर्यंत धरू नये. त्याला एकदा तरी अंडी टाकायला मिळतात. हा आकडा पुस्तकातून आलेला नसतो, गावाच्या चुलीजवळून आलेला असतो, म्हणून तो पाळला जातो.

सावधान: ही नोंद दिवाळीनंतर करू नका. तेव्हा मोठ्या मादीचंही पोट रिकामं असतं आणि हिशोब पूर्ण चुकतो. आणि नोंदीसाठी म्हणून जादा मासे मारायचे नाहीत. खायला आलेलेच मोजायचे.

टप्पा ३: राखीव डोह

एप्रिल-मे महिन्यांत नदी तुटते. वाहतं पाणी थांबतं आणि जे काही मासे उरलेत ते चार-दोन डोहांत गोळा होतात. त्या वेळी एक डोह रिकामा करायला एक रात्र पुरते. पुढच्या पावसात चढायला तिथले मासेच उरलेले असतात, म्हणून राखणीची सुरुवात उन्हाळ्यातल्या डोहापासून होते. पावसाळ्यातली बंदी त्यानंतर.

भातसा मात्र वेगळी आहे. धरणातून सोडलेलं मुंबईचं पिण्याचं पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे येथे येतं आणि तिथून उचललं जातं, त्यामुळे तो पट्टा ऐन मे महिन्यातही वाहतो. तिथे मासे डोहात कोंडले जात नाहीत, पसरलेले राहतात. तिथे एक डोह राखण्यापेक्षा अर्धा-एक किलोमीटरचा सलग पट्टा राखा.

डोह निवडताना मी पाच गोष्टी बघतो. मेअखेर कमीत कमी पुरुषभर पाणी हवं. तळाशी कपारी आणि मोठे धोंडे हवेत, गाळ नको. काठावर उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज यांची सावली हवी, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी होतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडायला लागतात. डोहाच्या वरच्या अंगाला वाहतं खडकाळ, वाळू-गोट्यांचं पात्र हवं, कारण महाशीर (मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा) आणि तिच्यासारखे बरेच मासे तिथेच अंडी टाकतात. आणि पाचवं, डोह वस्तीवरून दिसायला हवा. रानातला सुंदर डोह राखायला घेतला की राखण कोण करणार?

गावं नेमका उलटा डोह निवडतात. ज्यात आधीच मासे मिळत नाहीत तो उथळ, गाळाचा डोह "राखीव" म्हणून देतात आणि चांगला डोह मासेमारीला ठेवतात. त्याने काही होत नाही. चांगल्यातला चांगला डोह द्यावा लागतो, ही गोष्ट बैठकीत पहिल्यांदाच स्पष्ट बोला. पाच डोह असतील तर त्यातले दोन राखा आणि ते बारा महिने पूर्ण बंद ठेवा. "फक्त गळाला परवानगी", "फक्त सणाला परवानगी" असे अपवाद आत शिरले की वर्षभरात डोह उघडाच होतो.

हे आपल्याकडे नवं नाही. वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळसेश्वराचे मासे आणि महाडजवळचं वाळणकोंड देवाच्या नावाने राखलेलं आहे. तिथे हातभर लांबीची महाशीर माणसाच्या पायाशी येते. थायलंडच्या न्गाओ नदीच्या खोऱ्यात गावांनी स्वतःहून असे छोटे राखीव पट्टे केले. अभ्यासकांनी तिथल्या २३ पट्ट्यांची तुलना शेजारच्या उघड्या पाण्याशी केली तेव्हा राखीव पाण्यात माशांचं एकूण वजन सरासरी वीस पटींहून जास्त निघालं. पट्टे छोटे होते, पण ते खरोखर बंद होते.

हद्द खडकावर रंगाने आखा, पुराच्या पाण्याच्या वर. बांबू रोवले तर पहिल्या पुरात जातात आणि सप्टेंबरात हद्दीवरून भांडणं होतात.

तपासा: राखीव डोहात पंप बसवलाय का? वरच्या अंगाला वाळू उपसतात का? कारखान्याचं किंवा गटाराचं पाणी येतं का? यातलं एक जरी उत्तर हो असेल तर आधी तो प्रश्न सोडवा किंवा डोह बदला. वालधुनीचं पाणी ज्या पट्ट्यात मिसळतं तिथे मासेमारीचे कितीही चांगले नियम केले तरी मासे परतणार नाहीत.

टप्पा ४: चढण आणि उतरण

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि लोक याचा अर्धाच भाग करतात.

पहिलं गढूळ पाणी आलं की गाबोळीवरचे मासे नदीतून ओहोळात, ओहोळातून खाचरात चढतात. वाटेत एक अरुंद जागा असते: मोरी, बांधाचा खड्डा, बंधाऱ्याची कड. तिथे आडवी जाळी लावली की त्या ओहोळाची त्या वर्षाची सगळी पिढी एका संध्याकाळी टोपलीत येते. समुद्रातली १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी सगळ्यांना माहीत असते, आणि पुष्कळांना वाटतं की नदीतही ती आपोआप लागू होते. ती समुद्रातल्या यांत्रिक होड्यांसाठी आहे. नदीतली चढण गावानेच राखायची असते.

तारीख ठरवताना कॅलेंडर बघू नका, पाणी बघा. पाऊस कधी ५ जूनला येतो, कधी २० ला. नियम असा करा: ओहोळाला पहिलं गढूळ पाणी आल्यापासून सलग दहा दिवस अरुंद जागांवर कुठलंही साधन नाही. पहिली आणि सर्वात मोठी चढण या दिवसांत होऊन जाते. त्यानंतर घरच्यापुरती मुभा द्या, पण दोन अटींवर. ओहोळाच्या रुंदीचा निम्मा भाग कायम मोकळा राहिला पाहिजे, आणि वलगणीचा मासा विकायचा नाही. वलगण पूर्ण बंद करण्याचा आग्रह मी धरत नाही. जूनमध्ये गरिबाच्या घरात धान्य संपत आलेलं असतं आणि हा मासा त्या घराचा आधार असतो. त्याच्या ताटातून तो काढून घेणारा नियम टिकत नाही, आणि टिकू नये असंच मला वाटतं.

आता राहिलेला अर्धा भाग: उतरण. खाचरात फुटलेली पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाली की ऑगस्टअखेर, सप्टेंबरात ओहोळाचं पाणी कमी होताना परत नदीकडे निघतात. त्याच वेळी बांध फोडून पाणी सोडतात आणि तोंडाला मच्छरदाणी बांधतात. मी एकदा अशी मच्छरदाणी उघडून पाहिली होती. मुठीत मावेल एवढा चिखलासारखा गोळा, पण जवळून पाहिलं तर प्रत्येक कणाला डोळे. ते सुकवून दोन वाट्या झाले असते. जूनमध्ये चढण राखायची आणि सप्टेंबरात मच्छरदाणी लावायची, तर जूनमधली राखण वाया गेली. म्हणून मच्छरदाणीच्या कापडाला वर्षभर पूर्ण बंदी, अपवाद नाही.

मरळीसाठी वेगळा नियम लागतो. ती चढून जात नाही, उथळ गवताळ पाण्यात घर करते आणि पिल्लांची राखण करते. पाण्यावर लालसर पिल्लांचा दाट थवा उकळल्यासारखा वरखाली होताना दिसला की खाली मोठी मरळ आहे हे धरणाऱ्याला माहीत असतं आणि तो नेमका तिथेच गळ टाकतो. ती उचलली की थवा तासाभरात बाकीचे मासे खातात. थवा दिसला तर तिथे काही टाकायचं नाही. हा नियम मुलांना सांगा, ती मोठ्यांपेक्षा कसोशीने पाळतात.

सावधान: कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या ३१ मेच्या आत निघाल्या पाहिजेत. गावाने सगळं नीट केलं आणि फळ्या पहिल्या पुरानंतर निघाल्या, तर मासे बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडकतात आणि तिथेच धरले जातात. गोणी भरून घातलेल्या वनराई बंधाऱ्यालाही तेच. फळ्या कोण काढणार याचं नाव मे महिन्याच्या बैठकीत लिहून घ्या.

टप्पा ५: आस, आकार आणि हात

जाळ्याच्या आसाबद्दल, म्हणजे भोकाच्या मापाबद्दल, दुकानदार एक आकडा सांगतो, जाळीवाला दुसरा. मोजायची पद्धत एकच ठेवा: आस ओल्या जाळीवर, ताणून, समोरासमोरच्या दोन गाठींमध्ये मोजायचा. मग नियमाला लागणारा आकडा स्वतः काढा. टप्पा २ मध्ये ठरलेल्या लांबीचा मासा घ्या, त्याच्या सगळ्यात जाड भागाभोवती दोरा गुंडाळा आणि दोऱ्याची लांबी मोजा. त्याच्या निम्म्याहून कमी आस नको. घेर १२ सेंमी असेल तर ताणलेला आस निदान ६ सेंमी. एवढ्या आसातून लहान मासा आरपार निघून जातो.

एकाच जाळीत चार जातींचे मासे लागतात, तेव्हा कुठल्या माशाचा आस धरायचा यावर वाद होतो. ज्या माशाची संख्या सगळ्यात घटली आहे त्याचा धरा. बाकीच्यांत थोडं नुकसान होईल, ते सोसा.

लहान मासा सोडायचा हे सगळ्यांना पटतं. खूप मोठाही सोडायचा, हे पटायला वेळ लागतो. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देते आणि ती नदीच्या वाईट वर्षांतून तरून आलेली असते. आसाच्या नियमाने ती वाचत नाही, कारण ती गळाला लागते. म्हणून गळवाल्यांसाठी वरची मर्यादाही ठेवा. महाशीरसाठी मी तर सरळ सांगतो की ज्या नदीत ती कमी आहे तिथे लागलेली प्रत्येक महाशीर सोडून द्यावी.

सोडायचा मासा जिवंत राहील असाच हाताळा. हात आधी ओले करा. कोरड्या फडक्याने धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की त्याला बुरशी लागते. कल्ल्यात बोट घालून उचलू नका. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून ठेवा. फोटो काढायचाच असेल तर मासा पाण्यातच ठेवून काढा. आणि एप्रिल-मेच्या दुपारी गळ टाकूच नका, तापलेल्या पाण्यात दमलेला मासा सोडला तरी मरतो.

करंट, जिलेटीन, ब्लिचिंग पावडर, गेळाची विषारी फळं, कीटकनाशक: यांवर चर्चा ठेवू नका. स्फोटक आणि विष घालून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. त्याला गावाची परवानगी देता येत नाही आणि गावाचा दंड घेऊन मिटवताही येत नाही. सरळ पोलिसांत जा.

टप्पा ६: वाटणी

नियम कडक झाले की मासे कमी मिळतात. ते कुणाच्या वाट्याचे कमी झाले, हे पाहिलं नाही तर सगळा भार सगळ्यात गरिबावर पडतो. वाटा जाळीवर ठेवला तर ज्याच्याकडे चार जाळ्या त्याला चार वाटे मिळतात. वाटा घरावर ठेवा. आठवड्यातले दोन दिवस मासेमारीचे ठरवा, त्या दिवशी प्रत्येक घराला ठरलेले किलो, त्याहून जास्त निघाले तर ते सामायिक विकून पैसे राखणदारीला.

बांगलादेशात हिलशा माशाची पिल्लं धरायला बंदी असते त्या महिन्यांत सरकार नोंदणीकृत मच्छीमार कुटुंबांना महिन्याला ४० किलो तांदूळ देतं. आपल्या छोट्या नदीला तेवढी व्यवस्था मिळणार नाही. पण मुंबईतल्या संस्थांना मदत करायची असेल तर फलक आणि टी-शर्टवर पैसे घालण्याऐवजी बंदीच्या काळात नदीवर अवलंबून असलेल्या दहा-बारा घरांच्या धान्याची सोय करावी. त्याने जास्त मासे वाचतात.

कल्याण, भिवंडीकडून येणाऱ्या व्यापाऱ्यालाही बैठकीला बोलवा. तो ठरलेल्या मापाखालचा मासा घेणार नाही म्हणाला की निम्मी राखण तिथेच होते. आणि मुंबईच्या बाजारात घेणाऱ्यांनो, जूनच्या अखेरीस गाबोळीने भरलेला नदीचा मासा कुणी कौतुकाने पुढे केला तर घेऊ नका.

टप्पा ७: ठराव आत्ता

लोक इथून सुरुवात करतात. ठराव सातवा येतो, कारण त्यात लिहायचे आकडे आणि नावं आधीच्या सहा टप्प्यांतून मिळतात.

ग्रामसभेच्या ठरावात एवढं असावं: राखीव डोहांची नावं आणि हद्दीच्या खुणा, चढणीचे दहा दिवस, मच्छरदाणीबंदी, जातीवार मापं, आस, मासेमारीचे वार, घरटी वाटा, राखणदारांची नावं, दंड आणि पुढच्या आढाव्याची तारीख. दंड लहान ठेवा. पहिल्यांदा साधन जप्त करून दुसऱ्या दिवशी परत, दुसऱ्यांदा थोडे पैसे, तिसऱ्यांदा एका हंगामाचा वाटा बंद. पाच हजारांचा दंड लिहिला की तो कधीच कुणाकडून घेतला जात नाही आणि ठरावाचा धाक जातो.

प्रत मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांना, वनविभागाला, तहसीलदारांना आणि पोलीस ठाण्याला पोच घेऊन द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तुमची वही लोकजैवविविधता नोंदवहीत जोडून घ्या. समिती कागदावरच असेल तर हे काम तिला जागं करायला चांगलं निमित्त आहे.

तपासा: आढाव्याची तारीख नाही तो ठराव परत करा. कायमची बंदी दोन वर्षांत विसरली जाते. ज्या बंदीचा दर डिसेंबरात हिशोब होतो, ती लक्षात राहते.

टप्पा ८: बीज सोडायचं का?

बहुतेक वेळा नाही. गावाला वाटतं नदीत मासे नाहीत, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली की झालं. मासे ज्या कारणाने गेले ते कारण तसंच असेल तर बोटुकलीही त्याच वाटेने जाते. शिवाय रोहू आणि कटला मुळात उत्तरेकडच्या, गंगेच्या खोऱ्यातले. कोकणातल्या उतारावरच्या नदीचे नव्हेत. तळ्यात ठीक, नदीत नको. तिलापिया आणि बंदी असलेला थाई मांगूर तर चुकूनही नको. घरातल्या काचेच्या टाकीतले कंटाळलेले मासे नदीत सोडून पुण्य मिळवणारे बरेच भेटतात. त्यांनाही हेच सांगा.

महाशीरच्या बाबतीत जास्त जपा. लोणावळ्याच्या वळवण इथल्या केंद्रात तयार झालेली महाशीरची पिल्लं देशभर गेली, कावेरीतही. कावेरीची स्वतःची कुबडी महाशीर वेगळी होती. बाहेरची महाशीर तिथे वाढत गेली आणि मूळची इतकी घटली की २०१८ मध्ये ती जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेली. मासा तोच दिसतो म्हणून तो त्या नदीचा असतोच असं नाही. बीज सोडायचंच असेल तर त्याच नदीच्या मातृमाशांपासून तयार केलेलं, मत्स्यव्यवसाय खात्याच्या सल्ल्याने, आणि राखीव डोहाने दोन वर्षं पूर्ण केल्यानंतरच.

टप्पा ९: उघडायचं कधी आणि किती

एक पावसाळा चांगला झाला, डोहाच्या कडेला पोरं मासे दाखवायला लागली, की गावात उघडण्याची मागणी सुरू होते. पहिल्या वर्षी उघडू नका. एका चांगल्या पावसात पिल्लं भरपूर दिसतात, पण ती अजून अंडी घालण्याच्या वयाची नसतात.

तीन आकडे शेजारी मांडा. सप्टेंबरातल्या उतरणीची पिल्लं: ओहोळाच्या तोंडाशी त्याच जागी, तेवढाच वेळ बसून मोजलेली. मेमधला ताशी एका पागाचा आकडा, उघड्या डोहातला. आणि पकडीतल्या मोठ्या माद्यांचा वाटा. तिन्ही सलग दोन वर्षं वाढले असतील तर मासेमारीचा एक वार वाढवा, राखीव डोह तसाच ठेवा. दोन वाढले आणि एक घटला तर आहे तसं चालू द्या. पिल्लं वाढली पण मोठ्या माद्या घटल्या, तर गळाकडे बघा. ताशी आकडा टिकलाय पण पिल्लं घटली, तर सप्टेंबरात मच्छरदाणी कुठे लागतेय ते शोधा किंवा बंधाऱ्याच्या फळ्यांची तारीख तपासा. तिन्ही घटले तर पाण्यात काहीतरी मिसळतंय, तपासणीसाठी नमुना द्या आणि तोवर सगळं बंद ठेवा.

राखीव डोह मात्र या हिशोबात कधीच धरायचा नाही. तो भरला म्हणून उघडायचा नसतो. त्यातून बाहेर पडणारे मासे धरायचे असतात.

वही दोन प्रतींत ठेवा, एक राखणदाराकडे, एक शाळेत. आमच्या पहिल्या वर्षाची एकुलती एक वही घराच्या पत्र्यातून गळलेल्या पाण्याने भिजली आणि जूनची सगळी पानं एकमेकांना चिकटली. आता नोंदी पेन्सिलने करतो, आणि दर शनिवारी एक मुलगी त्या दुसऱ्या वहीत उतरवते.